लीडसाठी ट्यूब ॲम्प घेताय? खोलीपासून मागे या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच कळेल. गिटार लेस पॉल घडणीची, दोन हंबकरवाली (हंबकर म्हणजे दुहेरी गुंडाळीचा पिकअप). राहता पुण्यात, फ्लॅटमध्ये, खाली-वर शेजारी. महिन्यातून एक-दोनदा पबमध्ये वाजवता. बँडमध्ये ड्रम, बेस, दुसरा गिटारवाला आणि गायिका, गाणी बहुतेक सत्तरच्या दशकातल्या रॉकची. सध्याच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर घरी एकट्यानं वाजवताना लीड, म्हणजे सोलोची धून, झकास वाटतं, पण बँडमध्ये सोलो आला की तुम्ही गायब. शिवाय बाराव्या फ्रेटच्या वर पहिल्या दोन तारा पत्र्यासारख्या वाजतात. म्हणून ट्यूब ॲम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा) घ्यायचं ठरवलंय आणि पर्याय दोन आहेत. न्यू जर्सीतला चुलतभाऊ दिवाळीला येताना फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब आणतो म्हणतोय, नाहीतर इथंच मार्शलचा डीएसएल२० कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत). कुठला घ्यावा आणि नॉब कुठं ठेवावेत?

एका ओळीत सांगायचं तर तुमच्या कामाला डीएसएल२०. पण तो घेतलात आणि हात मात्र जुन्या सवयीनंच फिरले, तर त्याच्यावरही सोलो गायबच होणार. मी बरीच वर्षं ॲम्प वाजवतोय आणि दुरुस्तही करतोय. 'टोन गेलाय हो' म्हणत लोक जे ॲम्प आणतात त्यातले कितीतरी धडधाकट असतात, बिघाड नॉबांच्या जागांमध्ये असतो. बहुतेकजण गिटारपासून सुरुवात करून पुढं जातात: पिकअप, पेडल, गेन (ॲम्प सुरवातीला सूर किती फुगवतो ते), मग ट्रेबल-बेस, आणि स्पीकर-खोलीचा विचार जमलाच तर शेवटी. मी उलटा येतो. आधी खोली, मग स्पीकर, मग पॉवर ट्यूब (स्पीकर हलवणाऱ्या शेवटच्या ट्यूब), मग प्रीॲम्प (सूर घडवणारा सुरवातीचा भाग) आणि सगळ्यात शेवटी गिटार.

खोलीत काय चाललंय ते आधी पाहू. तिसऱ्या तारेचा बारावा फ्रेट म्हणजे ३९२ हर्ट्झ. पहिल्या तारेचा बारावा ६५९, सतरावा ८८० आणि अगदी बाविसाव्यावर गेलात तरी ११७५. म्हणजे तुमचे बहुतेक सोलो ज्या मूळ सुरांवर उभे आहेत ते साधारण चारशे ते बाराशे हर्ट्झमध्ये राहतात. आता घरचं तुमचं सेटिंग मी न बघता सांगतो: बेस आठवर, ट्रेबल आठवर, मिड तीनवर. बरोबर ना? हळू आवाजात आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून हात आपोआप तिकडे जातो, आणि एकट्यानं ऐकताना ते भरगच्च वाटतं. बँडमध्ये गेल्यावर खालचा मजला बेस गिटार आणि किक ड्रमनं आधीच अडवलेला असतो, वरचा सिंबल्सनी. तुमचा आठवरचा बेस आणि आठवरचा ट्रेबल त्या गर्दीत बुडतो आणि मधला मजला, जिथं तुमचं घर आहे, तो तुम्ही स्वतःच रिकामा करून ठेवलेला असतो. मग माणूस गेन वाढवतो. गेन वाढला की सूर आणखी चपटा होतो, आणखी मागे जातो. मग अजून गेन. या चक्रात मीही दोन-तीन वर्षं घालवली आहेत.

या जागेवरच फेंडर आणि मार्शलचा फरक समजून घेण्यासारखा आहे, कारण दोघांचं मूळ एकच. १९५०च्या दशकाच्या अखेरीचा फेंडर बासमन हा खरं तर बेस गिटारसाठी केलेला ॲम्प. लंडनच्या हॅनवेलमधल्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली त्याचीच नक्कल करून पहिला मार्शल, जेटीएम४५, तयार झाला. बदल वरवर छोटे होते: पहिल्या जागी १२एवाय७ ट्यूबऐवजी जास्त गेनची ईसीसी८३ (हिचंच दुसरं नाव १२एएक्स७) आणि जेन्सनच्या दहा इंचींऐवजी सेलेस्चनचे बारा इंची स्पीकर. टोनचं सर्किट मात्र बासमनसारखंच पाठीमागे राहिलं, म्हणजे सुरवातीच्या ट्यूबांनी सूर फुगवल्यानंतर ट्रेबल, मिड, बेसचे नॉब येतात. फेंडरनं १९६३च्या सुमाराच्या काळ्या पॅनेलच्या मालिकेत तेच सर्किट उचलून पहिल्या टप्प्याच्या लगेच नंतर ठेवलं आणि त्याच्या किमतीही बदलल्या. त्यामुळे चारशे-पाचशे हर्ट्झच्या आसपास एक खोल खड्डा तयार झाला. फेंडरचा तो काचेसारखा स्वच्छ क्लीन आवाज या खड्ड्याचीच देणगी आहे. मार्शलमध्येही खड्डा आहे, पण उथळ आणि थोडा वर.

एवढ्यावर थांबू नका, कारण नॉब लावताना याचा थेट उपयोग आहे. बेस जर डिस्टॉर्शन (सूर फुटून जाडाभरडा होणं) होण्याच्या आधी भरपूर असेल तर जाड तारा गिच्च होतात, चिखलात पाय रुतल्यासारखा आवाज येतो. नंतर वाढवला तर तोच बेस अंगाला येतो. म्हणून फेंडर पद्धतीचा ॲम्प रेटून वाजवायचा असेल तर बेस दोन-तीनच्या वर नेऊ नये, आणि मार्शल पद्धतीत चार-पाचवर चालतो. मेसा बूगीच्या मार्क मालिकेत तर टोनचे नॉब इतके अलीकडे आहेत की जाणकार लोक बेस एकवर ठेवतात आणि कमी पडलेला बेस पुढच्या ग्राफिक इक्वलायझरमधून परत घेतात. नवखा माणूस हे बघून म्हणतो, बेसचा नॉब बिघडलाय.

डीलक्स रिव्हर्ब वाईट आहे का? अजिबात नाही. २२ वॅट, दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, एक बारा इंची स्पीकर. माझ्या मते क्लीन आवाजाच्या बाबतीत या आकाराचा इतका गोड ॲम्प दुसरा नाही. पण त्याच्या रिव्हर्बवाल्या चॅनलला मिडचा नॉबच नाही, मास्टर व्हॉल्यूम (गेन तसाच ठेवून एकूण आवाज कमी-जास्त करणारा नॉब) नाही, इफेक्ट्स लूप (प्रीॲम्पच्या नंतर पेडल जोडायची जागा) नाही. ज्याला सत्तरच्या रॉकचं लीड हवंय त्याला तिन्ही लागतात. पेडलनं भागवता येतं, अमेरिकन ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन फेंडरच्या पुढं ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह पेडल लावूनच वाजवायचा. फक्त त्याचे ॲम्प किती मोठ्यानं चालायचे हे लक्षात घ्या.

त्यात अमेरिकेतून आणायचा म्हणजे १२० व्होल्टचा. इथं त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागणार, किमान ३०० व्हीएचा, ५००चा असेल तर निर्धास्त. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके 'कन्व्हर्टर' चुकूनही लावायचे नाहीत, त्यांच्यात ट्रान्सफॉर्मर नसतोच. बरं, आपल्याकडे रात्री उशिरा लाइन २५० व्होल्टला गेली की तिकडे १२०च्या जागी १३० पोचतात आणि ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ऐवजी ६.८ व्होल्ट मिळतात. ट्यूब लगेच मरत नाही, पण तिचं आयुष्य घटतं. शिवाय पबच्या जिन्यावरून ॲम्पबरोबर तो लोखंडी ठोकळाही तुम्हालाच वाहायचाय. एक गोष्ट मात्र कुठल्याही ॲम्पला लागू आहे: अर्थिंग. वाजवण्याच्या जागी तीन पिनांचा बोर्ड दिसला म्हणून अर्थ असेलच असं नाही. माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या की गाणं थांबवा आणि बोर्ड बदला.

आता वॅट. यावर लोक उगीच भांडतात. बारा इंची गिटार स्पीकर एका वॅटला एक मीटरवर साधारण ९७ ते १०० डेसिबल देतो. घरात तुम्ही ८५ डेसिबलला वाजवत असाल (शेजारी बेल दाबण्याच्या थोडं अलीकडे) तर ९७वाल्या स्पीकरला लागते ०.०६ वॅट. साठ मिलिवॅट! म्हणजे वीस वॅट असो की पाच, घरात कुठल्याच ॲम्पची पॉवर ट्यूब घाम गाळत नाही. 'पाच वॅटचा घे, घरी पूर्ण उघडता येईल' हा सल्ला म्हणूनच फसवा आहे. पाच वॅट म्हणजे १०४ डेसिबल, ड्रमरशेजारी तोकडा आणि फ्लॅटमध्ये सोसायटीची मीटिंग लावणारा. वीस वॅटला ११० मिळतात. पबमध्ये, कडक हाताच्या ड्रमरशेजारी, तिथं पॉवर ट्यूब नेमकी ताणायला लागते. पन्नास वॅट घेतलेत तर त्याच्यावर फक्त चार डेसिबल मिळतील, आणि ते वापरायची वेळ येणार नाही. घरच्या सरावासाठी डीएसएलचा दहा वॅटचा स्विच आहे, पण त्यानं आवाज तीनच डेसिबलनं उतरतो. त्यामुळे घरी तुम्ही प्रीॲम्पच्याच डिस्टॉर्शनवर वाजवणार हे स्वीकारा, आणि घरचं सेटिंग पबमध्ये नेऊ नका. ही दोन वेगळी सेटिंग आहेत. वहीत वेगळ्या पानांवर लिहा.

स्पीकरबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे खर्चच करायचे असतील तर इथं करा. या कॉम्बोत सेलेस्चनचा सेव्हन्टी-८० येतो. टिकाऊ आहे, पण मला त्याचा मधला भाग पोकळ आणि वरचा जरा करकरीत वाटतो. त्याच्या जागी त्याच कंपनीचा क्रीमबॅक ६५ घातला की लीडचा सूर एक पाऊल पुढं येतो. त्यांचाच व्हिंटेज ३० हा १०० डेसिबलचा, गर्दी फाडून जातो, पण जुनाट वळणाच्या सोलोला मला तो जास्तच टोचरा वाटतो. ९७चा काढून १००चा स्पीकर घालणं म्हणजे ॲम्पचे वॅट दुप्पट केल्यासारखंच आहे हेही ध्यानात ठेवा. नवा स्पीकर पहिले काही तास कडक वाजतो, लगेच परत करायला जाऊ नका. आणि ओहम जुळवूनच घ्या, १६च्या जागी १६, ८च्या जागी ८.

मग ॲम्प कुठं ठेवता हे विचारतो. जमिनीवर, पायांजवळ? बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ फेकतो. तुमचे कान त्या झोताच्या पाच फूट वर, त्यामुळे तुम्हाला आवाज बोथट वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाच्या कानात सुई जाते. खुर्चीवर ठेवा, किंवा मागे टेकवून तिरका करा, आणि सेटिंग करताना एकदा तरी उकिडवं बसून स्पीकरच्या समोर कान नेऊन ऐका. पत्र्याच्या तक्रारीचं अर्धं मूळ मला इथंच दिसतंय.

आता प्रत्यक्ष नॉब. हे घरी करू नका, सरावाच्या खोलीत ड्रमर आल्यावर करा. ट्रेबल, मिड, बेस तिन्ही पाचवर. प्रेझेन्स (अगदी वरच्या सुरांचा नॉब) आणि रेझोनन्स (अगदी खालच्या सुरांचा) शून्यावर. टोन शिफ्टचं बटण बंद. ते दाबलं की मधलाच मजला उडतो, ज्यासाठी आपण हा सगळा खटाटोप करतोय. गेन तीनवर. रिव्हर्ब बंद, पेडल सगळे बंद, गिटारचा व्हॉल्यूम दहावर, ब्रिज पिकअप. आता ड्रमरला साधा ठेका धरायला सांगा आणि चॅनलचा व्हॉल्यूम इतका चढवा की रिदम त्याच्या बरोबरीनं ऐकू येईल. आधी व्हॉल्यूम, मग बाकी सगळं. आवाजाची पातळी बदलली की टोन बदलतो, म्हणून पातळी नक्की झाल्याशिवाय टोनला हात लावण्यात अर्थ नाही.

मग तिसऱ्या तारेच्या चौदाव्या फ्रेटवर बोट ठेवा. तो ए आहे, ४४० हर्ट्झ. एकदाच छेडा, हलका व्हायब्रॅटो द्या आणि धरून ठेवा. आपल्याकडे तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या सुराची 'आस' म्हणतात ती इथं ऐकायची आहे. सूर छेडल्यावर क्षणभर दबतो आणि मग फुलतो का? की छेडताक्षणी मोठा होऊन लगेच वाळतो? गेन अर्ध्या-अर्ध्या आकड्यानं वाढवत तोच सूर पुन्हा पुन्हा छेडा. तुमच्या सगळ्यात संथ सोलोतला सगळ्यात लांब सूर पुरेल एवढी आस आली की थांबा, आणि तिथून अर्धा आकडा मागे या. डीएसएलच्या जास्त गेनच्या अल्ट्रा चॅनलवर हे मला बहुतेक वेळा चारच्या आत-बाहेर सापडतं. लोक आठवर ठेवतात. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घडण) लावणारे कारागीर घोडीला हलक्या हातानं कानस मारतात, सूर उघडत जातो, आणि एक क्षण असा येतो की आणखी एकदा कानस फिरली तर झंकार जाऊन खरखर सुरू होईल. गेनचंही तसंच आहे. फक्त इथं नॉब मागे फिरवता येतो, एवढं आपलं नशीब.

गेन लागला की बेस. सहाव्या तारेवर हात दाबून पॉवर कॉर्ड ठोका आणि 'धप्' ऐकू येईपर्यंत बेस कमी करा. 'धप्प्फ' असं शेपूट उरता कामा नये. साधारण चारवर येईल. बेसवाला वाजायला लागला की अजून थोडा कमी करावासा वाटेल, करा. मग मिड: डोळे मिटा, बँडला पूर्ण जोमात वाजवायला सांगा, सोलो वाजवत वाजवत मिड वर न्या, सातपर्यंत, आठपर्यंत. एकट्यानं ऐकलंत तर नाकातून गातोय असं वाटेल. वाटू द्या. बँडमध्ये तेच नाक चेहरा दाखवतं. ट्रेबल पाचच्या आसपास राहील. प्रेझेन्स सगळ्यात शेवटी, सगळे वाजत असताना. तो पॉवर ॲम्पच्या फीडबॅकमध्ये काम करतो आणि ट्रेबलच्याही वरचा भाग उघडतो. पिकचा ओरखडा जेमतेम ऐकू आला की बास. एक नॉब फिरवला की दुसऱ्याचा परिणाम बदलतो, कारण हे तिन्ही टोन नॉब एकाच सर्किटात एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणून शेवटी पुन्हा एक फेरी.

खरं सांगू का, मला स्वतःला अल्ट्रा चॅनलपेक्षा कमी गेनचा क्लासिक चॅनल आवडतो. गेन सात-आठवर, पुढं एखादा साधा ओव्हरड्राइव्ह, ट्यूब स्क्रीमर किंवा बॉसचा एसडी-१. पेडलचा ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर, लेव्हल तीन चतुर्थांश. इथं पेडलकडून डिस्टॉर्शन घ्यायचं नाहीये. तो खालचा बेस छाटतो, सातशे हर्ट्झच्या आसपास मिड उचलतो आणि पहिल्या ट्यूबला ढकलतो. म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधी बेस कमी, हे वर सांगितलेलं काम तो फुकटात करतो. या मार्गानं बोटांचा दाब जास्त कळतो, हळू छेडलं तर सूर निवळतो.

पण इथंच एक फसगत होते. सोलोला पुढं यायला तीन-चार डेसिबल जास्त हवेत. ॲम्प आधीच डिस्टॉर्ट होत असेल तर त्याच्या आधी लावलेला बूस्ट आवाज वाढवत नाही, फक्त आणखी डिस्टॉर्शन देतो. भरलेल्या बादलीत अजून पाणी ओतल्यासारखं. आवाज वाढवायचा तर बूस्ट इफेक्ट्स लूपमध्ये हवा, डिस्टॉर्शनच्या नंतर. माझ्या लूपमध्ये दोनच गोष्टी असतात: स्वच्छ बूस्ट आणि डिले. डिले चारशे मिलिसेकंदांच्या आसपास, दोन-तीन प्रतिध्वनी, मिक्स इतका कमी की बंद केल्यावरच कळावं होता म्हणून. डिले ॲम्पच्या पुढं लावून मग ॲम्प डिस्टॉर्ट केला तर प्रतिध्वनीही डिस्टॉर्ट होतात आणि सगळं एकमेकांत कालवलं जातं.

पहिल्या दोन तारांची उरलेली तक्रार गिटारवर सोडवू. लीडला टोनचा नॉब दहावर ठेवण्याची कुणी सक्ती केलेली नाही. सहा-सातवर आणा, वरच्या फ्रेटवरचा सूर गोल होतो. ब्रिज पिकअप तारांच्या फार जवळ असेल तर जाड तारांच्या बाजूनं थोडा खाली करा. शेवटचा फ्रेट दाबून मोजल्यावर बारीक तारांकडे दोनेक मिलिमीटर आणि जाड तारांकडे अडीच-तीन असं मला पटतं, म्हणजे दोन्हींचा जोर समान होतो. बाराव्याच्या वरच्या सोलोला नेक पिकअप वापरून पाहा. तारा नऊच्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंच) असतील तर दहाच्या लावा. आणि जुन्या फेंडरसारख्या ॲम्पवर व्हॉल्यूम दोनवर ठेवून पातळ वाटत असेल तर तिथं ब्राइट कपॅसिटरचा हात असतो: नॉब खाली असताना तो वरचे सूर परभारे पुढं पाठवतो, नॉब वर गेला की त्याचा प्रभाव संपतो. ॲम्प वाढवल्यावर जाड होतो तो यामुळेही.

ट्यूब बदलण्याबद्दल फार आशा ठेवू नका. एका कंपनीची १२एएक्स७ काढून दुसरीची घातल्यानं जो फरक पडतो तो स्पीकर दोन इंच सरकवल्यानं पडणाऱ्या फरकाहून कमी असतो. गेन खरोखर जास्त वाटत असेल तर पहिल्या जागी ५७५१ घाला: १२एएक्स७चा गुणक १००, हिचा ७०. तो फरक मात्र कळतो. पॉवर ट्यूबच्या बाबतीत (डीएसएल२०मध्ये त्या ईएल३४ असतात) ईएल३४च्या जागी ६एल६ अशी अदलाबदल परस्पर करायची नाही, बायस वेगळा, फिलामेंटचा करंट वेगळा. आणि बायस, म्हणजे सूर नसतानाही पॉवर ट्यूबमधून वाहणारा ठरावीक करंट, बरोबर आहे का ते एकदा तपासून घ्या. हिशेब सोपा आहे. ईएल३४च्या प्लेटची उष्णता सोसण्याची मर्यादा २५ वॅट, तिचे सत्तर टक्के साडेसतरा. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर साडेसतरा भागिले ४५०, म्हणजे सुमारे ३९ मिलिॲम्पिअर. बायस फार थंड असेल तर सूर विझताना शेवटी वाळूसारखी किरकिर येते, जी लोक वाईट पेडलच्या माथी मारतात. फार गरम असेल तर अंधारात प्लेट लालसर दिसते. लाल दिसली की त्याच क्षणी बंद. हे मोजमाप मात्र सवय नसेल तर स्वतः करू नका. प्लग काढल्यावरही आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये चार-साडेचारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या जुन्या रेडिओवाल्यांकडे मी पहिल्यांदा शिकायला बसलो तेव्हा बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह हाताळायच्या आधी त्यांनी मला डावा हात खिशात ठेवायला शिकवलं होतं. विजेला छातीतून जायला वाट मिळू नये म्हणून.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका गॅदरिंगला घाईत स्पीकरची केबल सापडेना, म्हणून हेड (सुटा ॲम्प) आणि स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये गिटारचीच केबल लावली. दिसायला सारखीच, दोन्हीकडे तोच जॅक. तिच्या आतली तार केसासारखी बारीक. पाचव्या गाण्यात सोलोच्या मध्यावर आवाज तुटक झाला, मला वाटलं पेडलचा सेल गेला. मी वाकून पेडल बघेपर्यंत आतून टाळी वाजवल्यासारखा आवाज आला आणि जळक्या वार्निशचा वास. ट्यूब ॲम्पला स्पीकरचा भार मिळाला नाही की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळतं आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. ट्रान्सफॉर्मर पुन्हा वाइंड करून घेतला, पण ॲम्पचा आवाज पहिल्यासारखा झाला असं मला कधीच वाटलं नाही. तेव्हापासून माझ्या स्पीकर केबलला दोन्ही टोकांना लाल टेप असते. तुमच्या कॉम्बोत स्पीकरची तार मागच्या जॅकमध्ये खोचलेली असेल, चालू करण्याआधी दर वेळी बोटानं दाबून बघा.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर तरी ॲम्प तापवत जा, नाहीतर ट्यूबच्या सॉकेटवर आणि पॉटमध्ये दमटपणा बसतो आणि नॉब खरखरतात. कार्यक्रम संपला की लगेच उचलू नका, दहा मिनिटं निवू द्या. गरम ट्यूब धक्क्याला नाजूक असते. दुकानात बघायला जाल तेव्हा पेन्सिल घेऊन जा. ॲम्प चालू, गेन मध्यावर, आणि मागून प्रीॲम्पच्या ट्यूबना हलकेच टिचक्या मारा. सगळ्याच थोड्या टकटकतात. एखादी घंटेसारखी किणकिणली किंवा शिट्टी मारायला लागली तर दुसरी बसवून मागा.

आणि चुलतभावाला नाराज करू नका. त्याला सांगा, एवढं अवजड धूड नको, ईएल३४ची एक जुळलेली जोडी आणि दोन १२एएक्स७ तेवढ्या घेऊन ये. हातातल्या बॅगेत, मोज्यांत गुंडाळून.